शिसपेन्सिलींतील पापुद्रा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत एक वाद झाला. नववींतील एका विद्यार्थ्यानें शिसपेन्सिलीचें टोंक चिकटपट्टीवर घासलें, ती पट्टी दुमडून उघडली, पुन्हां दुमडली, पुन्हां उघडली, असें दहा-बारा वेळां केलें व शेवटीं ती कांचेवर दाबून अलगद उचलून घेतली. मग सूक्ष्मदर्शकांतून पाहून त्यानें मोठ्यानें जाहीर केलें कीं, "मीं ग्राफीन तयार केलें! हा एकाच अणूच्या जाडीचा थर आहे!" वर्गांतील दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, हा नुसता पेन्सिलीचा काळा डाग आहे. दोन्ही पक्ष निवाड्यासाठीं आमच्याकडे आले. आम्हीं डोळा लावून पाहिलें. करडे ठिपके दिसले. थर एक कीं हजार, हें त्या ठिपक्यांवरून आम्हांस सांगतां येईना. "माहीत नाहीं" म्हणण्यांत शिक्षकास कमीपणा नाहीं. पण तेवढ्यावरच स्वस्थ बसण्यांत आहे. म्हणून त्या दिवशीं न सुचलेलें उत्तर शोधतांना जें वाचलें व जें समजलें, तें विद्यार्थी व त्यांचे पालक या उभयतांपुढें येथें ठेवीत आहों.

प्रथम पेन्सिलीविषयीं. शिसपेन्सिलींत शिसें मुळींच नसतें. इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यांत सोळाव्या शतकांत एक काळा, मऊ खनिज पदार्थ सांपडला. लोकांनीं त्यास शिशाचाच एक प्रकार मानलें, आणि तें चुकीचें नांव आजतागायत चिकटून राहिलें आहे. तो पदार्थ म्हणजे ग्राफाइट, अर्थात् कार्बन. हिरा हाही कार्बनच. फरक काय तो अणूंच्या मांडणींत आहे. हिऱ्यामध्यें प्रत्येक अणु चार शेजाऱ्यांना चहूंकडून घट्ट धरून असतो; म्हणून हिरा कठीण. ग्राफाइटमध्यें प्रत्येक अणु तीनच शेजाऱ्यांना धरतो, आणि ते तिघेही एकाच पातळींत असतात. त्यामुळें मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनांची सपाट जाळी तयार होते, व अशा जाळ्या एकावर एक रचल्या जातात. जाळीच्या अंगांत अणूंची परस्पर पकड हिऱ्यांतील पकडीहूनही बळकट असते. पण एक जाळी व तिच्यावरची दुसरी यांमधील ओढ मात्र अगदींच लेची.

ज्यांच्या घरीं दिवाळीस किंवा नाताळास चिरोटे होतात त्यांना हें समजावयास वेळ लागणार नाहीं. पोळीवर साटा फांसून तिच्यावर दुसरी पोळी, पुन्हां साटा, अशी रचना केली म्हणजे तळल्यावर पापुद्रा न् पापुद्रा सुटा होतो. पापुद्रा स्वतः अखंड राहतो. सुटतो तो शेजाऱ्यापासून. ग्राफाइटचा प्रकार नेमका असाच आहे. आपण कागदावर रेघ ओढतों तेव्हां हेच पापुद्रे सरकून कागदावर उतरतात. दोन पापुद्र्यांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेव्हां एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्यें सुमारें ३० लाख पापुद्रे बसतात.

निसर्गांत अशा थरांचे पदार्थ थोडेथोडके नाहींत. वैद्यांच्या खलांतील अभ्रक हें त्यांपैकींच एक. त्याचे पारदर्शक पत्रे नखानेंही सोलून निघतात. सोनें-चांदीची गोष्ट वेगळी. मिठाईवरचा वर्ख किंवा देवळाच्या कळसावरचा सोन्याचा पत्रा हा ठोकून ठोकून पातळ केलेला असतो. उत्तम सोनेरी पत्र्याची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारें ४०० अणूंची. त्याहून फारच पातळ करूं गेल्यास तो फाटतो, कारण सोन्याच्या अणूंना वर-खालीं, आजू-बाजूला सर्वत्र सारखेच शेजारी लागतात. ग्राफाइट किंवा अभ्रक ठोकावें लागत नाहीं. निसर्गानें आधींच घातलेल्या घडींवर तें नुसतें सोलावयाचें असतें.

पण इतकें पातळ कशासाठीं? हा प्रश्न एका पालकांनीं आम्हांस सरळच विचारला, आणि तो रास्त आहे.

आज ज्या ज्या यंत्रांत हिशेब चालतो, मग तो खिशांतला फोन असो कीं बँकेंतील संगणक, त्या सर्वांच्या पोटांत ट्रान्झिस्टर नांवाचीं अतिसूक्ष्म बटनें असतात. बार्डीन व ब्रॅटन या दोन शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डिसेंबर १९४७ मध्यें पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. आजच्या ट्रान्झिस्टरची कल्पना शेतकऱ्याच्या पाटावरून करतां येईल. पाटांतून पाणी वाहतें; वाटेंत एक दार असतें; दार उघडलें कीं पाणी शेतांत जातें, पाडलें कीं थांबतें. येथें पाण्याच्या जागीं विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि पाट म्हणजे सिलिकॉनचा अरुंद मार्ग. दार मात्र पाटांत उतरत नाहीं. तें एका पातळ दुर्वाहक पडद्याआडून वरूनच आपला विद्युत्-प्रभाव पाडतें आणि प्रवाह अडवितें अगर सोडतें.

बटनें लहान करावयाचीं तर पाट आंखूड करावा लागतो. आंखूड पाटांत अशी अडचण येते कीं, दाराचा धाक वरच्या भागावर चालतो, पण तळाशीं पोंचत नाहीं. दार बंद असतांही खालून प्रवाह पाझरत राहतो. एका बटनाची पाझर क्षुल्लक. परंतु फोनच्या एका नखाएवढ्या चकतींत हजार कोटींहून अधिक बटनें असूं शकतात. तेवढ्या सर्वांची पाझर एकत्र केली म्हणजे बॅटरी कां लवकर संपते व यंत्र कां तापतें, याचें एक मोठें कारण हातीं लागतें. उपाय उघड आहे: पाट उथळ करा, म्हणजे दाराचा धाक तळापर्यंत पोंचेल. कारखानदारांनीं सिलिकॉनचे उभे पंखे केले, चपटे पत्रे केले, दारानें त्यांना सर्व बाजूंनीं वेढा घातला. (जाहिरातींतील "३ नॅनोमीटर" वगैरे आंकडे वाचून कोणीं फसूं नये, हीं कारखान्याच्या पिढ्यांचीं नांवें आहेत, कोणत्याही भागाचें माप नव्हे.) पण सिलिकॉन तीन-चार नॅनोमीटरांहून पातळ होऊं लागला कीं दुसरेंच संकट उभें राहतें. सिलिकॉनच्या अणूला हिऱ्याप्रमाणें चार हात. त्याचा पत्रा कापला कीं दोन्ही पृष्ठांवर अणूंचे मोकळे हात लोंबत राहतात. पत्रा जाड असेल तेव्हां हें खपून जातें. तो अतिशय पातळ झाला म्हणजे आंत पृष्ठाशिवाय कांहीं उरतच नाहीं, व जाणारे इलेक्ट्रॉन त्या खडबडींत ठेंचकाळूं लागतात.

थरांच्या पदार्थांचें महत्त्व येथें आहे. त्यांचे सारे हात थरांतल्या थरांतच गुंतलेले असतात. वर मोकळा हात नाहीं, खालीं मोकळा हात नाहीं. एकच थर घेतला तरी त्याचें पृष्ठ स्वच्छच.

एकेरी थराचा विचार नवा नाहीं. ज्या १९४७ सालीं ट्रान्झिस्टर जन्मला त्याच सालीं कॅनडांतील फिलिप वॉलेस यांनीं ग्राफाइटच्या एकट्या जाळींतून इलेक्ट्रॉन कसे धांवतील याचें गणित प्रसिद्ध केलें. अणुभट्ट्यांत ग्राफाइट वापरीत, म्हणून त्याच्या गुणधर्मांविषयीं त्या काळीं आस्था होती. तथापि वॉलेस यांना ती एकटी जाळी प्रत्यक्ष मिळेल अशी अपेक्षा नव्हती; ती त्यांच्या गणितांतील केवळ एक पायरी होती. उलट पायर्ल्स व लँडाऊ या थोर पंडितांनीं १९३० नंतरच्या दशकांत असा सिद्धांत मांडला होता कीं, अशी अधांतरी एकेरी जाळी उष्णतेच्या कंपानेंच मोडून पडावी. ज्याला 'ग्राफीन' हें नांवही १९८६ सालींच मिळून गेलें होतें, तो पदार्थ स्वतंत्रपणें कोणाच्या हातीं लागला नव्हता.

तो लागला इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत. तेथील आंद्रे गाइम हे गृहस्थ मोठे मौजी. शुक्रवारीं संध्याकाळीं नेहमींचें काम बाजूस ठेवून कांहीं तरी अचाट प्रयोग करावा, असा त्यांचा प्रघात. यापूर्वीं त्यांनीं प्रबळ लोहचुंबकाच्या क्षेत्रांत जिवंत बेडूक अधांतरी तरंगवून दाखविला होता, व त्याबद्दल २००० सालीं त्यांना एक विनोदी पारितोषिकही मिळालें होतें. त्यांनीं एका नव्या विद्यार्थ्यास ग्राफाइटचा तुकडा देऊन सांगितलें कीं, घांसून घांसून हा होईल तितका पातळ करून आण. विद्यार्थ्यानें इमानें इतबारें घांसला; तुकडा जवळजवळ सगळा संपला, तरी उरलेला कण सुमारें १० मायक्रोमीटर जाड, म्हणजे सुमारें तीस हजार थरांचा होता. तेव्हां प्रयोगशाळेंतील दुसऱ्या एका सहकाऱ्यानें चिकटपट्टीचा तुकडा दाखविला. ग्राफाइटचें पृष्ठ स्वच्छ करण्यासाठीं त्यावर चिकटपट्टी लावून ओढावयाची व पट्टी टाकून द्यावयाची, अशी त्या धंद्यांतली जुनी रीत होती. फेंकून दिलेल्या पट्टीवर काय असतें, हें पाहण्याची तसदी कोणीं घेतली नव्हती. गाइम व त्यांचे तरुण सहकारी कॉन्स्टन्टिन नोवोसेलोव्ह यांनीं ती घेतली. पट्टीवर घांसलेल्या कणाहून कितीतरी पातळ पापुद्रे होते. पट्टीनें पट्टी सोलीत जातां जातां शेवटीं एकेरी थर सांपडला. आणि पंडितांच्या भाकिताप्रमाणें मोडून न पडतां सिलिकॉनच्या चकतीवर निवांत बसून राहिला. त्यांचा निबंध एका नियतकालिकानें परत पाठविला होता. तो ऑक्टोबर २००४ मध्यें दुसऱ्या नियतकालिकांत छापून आला. २०१० सालीं उभयतांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आमच्या नववींतील वादाकडे वळूं. पट्टीनें सोलणें कोणासही साधेल. पण थर एकच आहे हें ओळखावें कसें? मँचेस्टरच्या यशाचें अर्धें श्रेय या प्रश्नाच्या उत्तरास दिलें पाहिजे. सिलिकॉनच्या चकतीवर सुमारें ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा, म्हणजे एक प्रकारच्या कांचेचा, लेप असतो. पाण्यावर पडलेल्या तेलाच्या तवंगांत जसे रंग दिसतात तसा त्या लेपामुळें चकतीस जांभळट रंग येतो. त्यावर एका अणूचा पापुद्रा पडला तरी प्रकाशलहरींचा मेळ किंचित् बिघडून रंगांत सूक्ष्म फरक पडतो, आणि तो साध्या सूक्ष्मदर्शकांतून डोळ्यांस दिसतो. लेपाची जाडी थोडी निराळी असती तर त्याच पापुद्र्यावरून नजर फिरली असती तरी तो दिसला नसता.

डोळ्याची साक्ष पुरेशी नव्हे, म्हणून दुसरी साक्ष काढतात. आणि ती साक्ष भारतीय आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं असें दाखविलें कीं, एकरंगी प्रकाश पदार्थावर पडून विखुरला म्हणजे त्यांतील थोड्या भागाचा रंग बदलतो, व तो बदल त्या पदार्थांतील अणूंच्या कंपावर अवलंबून असतो. २००६ सालीं केंब्रिजच्या आंद्रेआ फेरारी यांनीं व मँचेस्टरच्या मंडळींनीं मिळून सिद्ध केलें कीं, रामन्-वर्णपटांतील एका विशिष्ट शिखराचा आकार पाहून ग्राफीनचा थर एक, दोन कीं अधिक हें निश्चित सांगतां येतें. आज जगांतल्या कोणत्याही प्रयोगशाळेंत ग्राफीन केलें कीं पहिली परीक्षा रामन् यांचीच. १९२८ सालीं अल्प साधनांनीं केलेला शोध असा अचानक दाराशीं येऊन उभा राहिला.

तिसरी साक्ष आम्हांस सर्वांत मनोहर वाटली. २००८ सालीं मँचेस्टर येथेंच राहुल नायर या भारतीय संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मोजलें कीं, ग्राफीनचा प्रत्येक थर आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं २.३ टक्के प्रकाश गिळतो. रंग कोणताही असो, दृश्य प्रकाशांत हा आंकडा बदलत नाहीं. एका अणूच्या पडद्यानें शेंकडा दोनाहून जास्त प्रकाश अडवावा, हें वस्तुतः फारच झालें. म्हणूनच तो दिसूं शकतो. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ग्राफीनच्या गुणांचीं वर्णनें वृत्तपत्रांतून पुष्कळ आलीं आहेत, तीं येथें उगाळीत बसत नाहीं. त्याचा एक चौरस मीटरचा झोपाळा केला तर त्याचें वजन एका मिलिग्रॅमहूनही कमी, ०.७७ मिलिग्रॅम, भरेल. तथापि हिशेबानें त्यांत चार किलोग्रॅमचें मांजर झोपूं शकेल, आणि झोपाळ्याचें वजन त्या मांजराच्या मिशीच्या एका केसाहून जास्त होणार नाहीं. वीज तर त्यांतून वाऱ्यासारखी धांवते. पण नेमका येथेंच घोटाळा झाला. ग्राफीनमध्यें वीज वाहती ठेवणें सोपें, थांबविणें अशक्यप्राय. दार पाडलें तरी पाट वाहतच राहतो. जें बटन बंदच होत नाहीं त्याचा हिशेबाच्या यंत्रास काय उपयोग? प्रारंभीं ज्यांनीं "सिलिकॉनचे दिवस भरले" अशी दवंडी पिटली, त्यांना ही गोष्ट ठाऊक असूनही तिचा उच्चार मोठ्यानें करावासा वाटला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां शास्त्रज्ञ ग्राफाइटच्या भाऊबंदांकडे वळले. मोलिब्डेनम व गंधक यांचें एक काळें, गुळगुळीत संयुग आहे: मोलिब्डेनम डायसल्फाइड. यंत्रांना लावावयाच्या काळ्या वंगणांत तें पुष्कळ वर्षें वापरलें जात आहे. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणूनच तें वंगण. त्याचा एक थर म्हणजे तीन अणूंचा सांडस: मध्यें मोलिब्डेनम, वर-खालीं गंधक, जाडी सुमारें ०.६५ नॅनोमीटर. हा पदार्थ सिलिकॉनप्रमाणें अर्धवाहक आहे, म्हणजे याचें दार खरोखर बंद होतें. स्वित्झर्लंडांतील लोझान येथें आंद्रास किस यांच्या प्रयोगशाळेनें २०११ सालीं याच्या एकेरी थराचा ट्रान्झिस्टर केला. त्यांत उघड्या व बंद स्थितींतील प्रवाहांचें प्रमाण दहा कोटींस एक, इतकें भरलें.

सोलून काढलेला कण मिळतो एखाद्या केसाच्या रुंदीएवढा, तोही नशिबानें हवा तेथें पडला तर. कारखान्यास ताटाएवढ्या चकत्या लागतात, आणि त्या रोज हजारों. म्हणून आतां पदार्थ सोलण्याऐवजीं उगविण्याकडे कल आहे. २००९ सालीं टेक्सास विद्यापीठांतील रॉडनी रूऑफ यांच्या मंडळींनीं तांब्याचा पातळ पत्रा भट्टींत सुमारें १००० अंशांवर तापवून त्यावरून मीथेन वायु सोडला. मीथेन म्हणजे शेणाच्या गोबर-वायूंतला मुख्य जळणारा घटक. तापलेल्या तांब्यावर मीथेन फुटतो, हायड्रोजन निघून जातो, आणि उरलेला कार्बन पृष्ठावर षट्कोनी जाळी विणूं लागतो. येथें तांब्याची निवड मार्मिक आहे. तांबें कार्बनला आपल्या पोटांत जवळजवळ घेतच नाहीं. त्यामुळें पृष्ठ एकदां झांकलें गेलें कीं मीथेनला तांब्याचा स्पर्श होत नाहीं, व विणकाम आपोआप थांबतें. एक थर होतो आणि पुरे. निकेलवर हाच प्रयोग केल्यास निकेल कार्बन पिऊन घेतें व निवतांना ओकून टाकतें. मग कोठें दोन थर, कोठें दहा.

परंतु ग्राफीन तांब्यावर बसून उपयोगाचें नाहीं; तें उचलून सिलिकॉनवर न्यावें लागतें. हा उचलण्याचा विधि सांगण्यासारखा आहे. ग्राफीनवर प्लॅस्टिकचा पातळ लेप देतात, खालचें तांबें रासायनिक द्रवांत विरघळवून टाकतात, आणि मग लेपासह ग्राफीन पाण्यावर तरंगत राहतें. त्याखालून चकती घालून तें अलगद उचलावयाचें, जशी आई दुधावरची साय न मोडतां झाऱ्यानें उचलते तसें. नंतर प्लॅस्टिक धुऊन काढावयाचें. वाचतांना हें सोपें वाटेल. प्रत्यक्षांत साय सुरकुतते, कोठें फाटते, खालीं पाण्याचा थेंब अडकून फुगवटा येतो, वर प्लॅस्टिकचा अंश राहतो, तांब्याचे कण मागें उरतात. शिवाय हा थर एका वस्त्रासारखा सलग नसतो. विणकाम एकाच वेळीं अनेक ठिकाणीं सुरूं होतें, व वेगवेगळ्या दिशांनीं वाढलेले तुकडे शेवटीं गोधडीसारखे जोडले जातात. त्या शिवणींवर वीज अडखळते. मोलिब्डेनम डायसल्फाइडही असेंच बाष्पांपासून उगवितात; २०१५ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत ४ इंच व्यासाच्या चकतीवर तें सर्वत्र सारखें पसरविण्यांत यश आलें.

एक तिसरी रीतही आहे. २०१४ सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील जोनाथन कोलमन यांच्या मंडळींनीं ग्राफाइटची पूड, पाणी व भांडीं घांसण्याचा द्रव साबण हीं स्वयंपाकघरांतील मिक्सरमध्यें घुसळून पातळ पापुद्रे वेगळे करून दाखविले. अशा पापुद्र्यांची शाई किंवा लेप होतो. सूक्ष्म बटनांसाठीं तें बिनकामाचें, कारण प्रत्येक पापुद्र्याची जाडी निराळी. (हा परिच्छेद वाचून कोणीं घरच्या मिक्सरला हात लावूं नये. ग्राफाइटची पूड वीजवाहक असते, आणि तो काळिमा सहजीं निघतही नाहीं.)

थर पातळ झाला, आतां तो ठेवावयाचा कशावर? साध्या ऑक्साइडचें पृष्ठ अणूच्या मापानें पाहिलें तर खांचखळग्यांचें. त्यावरचा एकेरी थर ओबडधोबड जमिनीवर अंथरलेल्या चादरीसारखा होतो. यावर उपाय सांपडला तो बोरॉन नायट्राइडचा. याची जाळी ग्राफाइटसारखीच षट्कोनी, पण पदार्थ पांढरा व दुर्वाहक. २०१० सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ग्राफीन या पदार्थावर ठेवलें, आणि इलेक्ट्रॉनांचा वेग व सुरळीतपणा एकदम वाढला. त्यासाठीं लागणारे निर्दोष स्फटिक जपानांतील त्सुकुबा येथें ताकाशी तानिगुची व केंजी वातानाबे हे दोघे एका प्रचंड दाबयंत्रांत अति उष्णतेंत तयार करतात. ते स्फटिक ते जगभरच्या प्रयोगशाळांस पाठवीत आले आहेत. परिणामीं या विषयावरच्या शेंकडों निबंधांवर या दोघांचीं नांवें सहलेखक म्हणून आढळतात. गाजलेल्या शोधांच्या बातम्यांत मात्र तीं क्वचितच छापलीं जातात. चांगला कच्चा माल निगुतीनें करणाऱ्याची उपेक्षा सर्वच देशांत सारखी, असें दिसतें.

थरावर थर रचण्याची कला आतां इतकी वाढली आहे कीं, २०१८ सालीं जपानी संशोधकांनीं केलेल्या एका स्वयंचलित यंत्रानें योग्य पापुद्रे आपण होऊन हुडकून २९ थरांची चळत रचली. त्याच सालीं अमेरिकेंतील पाब्लो हारिल्लो-हेरेरो व युआन काओ यांनीं ग्राफीनचे दोन थर एकमेकांशीं केवळ १.१ अंशाचा तिरपेपणा देऊन ठेवले. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरून किंचित् फिरविल्या म्हणजे मोठमोठीं नवीं वर्तुळें उमटतात, हें आपण पाहिलेंच असेल. तशाच नक्षीमुळें या जोडींतील इलेक्ट्रॉनांची चाल मंदावली, आणि अतिशीत अवस्थेंत, निरपेक्ष शून्याहून १.७ अंश वर, तिच्यांतून वीज लवमात्र विरोधावांचून वाहूं लागली. एकाच पदार्थाचे दोन थर, नुसता कोन बदललेला! मुंबईस कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेनेंही असे पिळलेले थर, व ताणून बसविलेल्या ग्राफीनचे कंप, अभ्यासले आहेत.

मग यंत्रें तयार झालीं काय? २०१७ सालीं व्हिएन्ना येथें मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या ११५ ट्रान्झिस्टरांचा एक चिमुकला हिशेबी मेंदू करण्यांत आला. २०२५ सालीं शांघायच्या फुदान विद्यापीठानें सुमारें ५,९०० ट्रान्झिस्टरांचा केला. आठ वर्षांत ही झेंप मोठी खरी. परंतु १९७१ सालीं बाजारांत आलेल्या पहिल्या सिलिकॉन सूक्ष्मसंसाधकांत २,३०० ट्रान्झिस्टर होते. म्हणजे नवा पदार्थ अजून सिलिकॉनच्या बाळपणाशींच आहे. अडचणी कोणत्या? ज्या गुणासाठीं हे थर घेतले तोच गुण आडवा येतो. पृष्ठावर मोकळे हात नाहींत, म्हणून दाराखालचा दुर्वाहक लेप त्यावर नीट धरत नाहीं, थेंबाथेंबांनीं गोळा होतो. धातूची तार जोडावी तर जोडाशीं वीज अडते. २०२१ सालीं बिस्मथ धातु वापरून ही अडचण पुष्कळ कमी करण्यांत आली. गंधकाचे अणु मधूनमधून गळालेले असतात. हजार कोटी बटनांपैकीं थोडीं जरी वांकडीं निघालीं तरी सारी चकती वायां. त्यामुळें सिलिकॉन हटून त्याच्या जागीं हे पदार्थ येतील, यापेक्षां सिलिकॉनच्या अंगावरच कांहीं थर यांचे चढतील, असें मानणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

पालकांसाठीं येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारांत 'ग्राफीन' या नांवानें पूड, लेप व नाना वस्तु विकल्या जातात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठांतील संशोधकांनीं जगांतील ६० उत्पादकांचा माल तपासून २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: बहुतेकांच्या मालांत ग्राफीन शेंकडा १० पेक्षांही कमी होतें. बाकी होती ती ग्राफाइटची पूड, म्हणजे आपल्या पेन्सिलींतला माल, सोन्याच्या भावानें. त्या माणसांपैकीं कित्येकांनीं लबाडी केली असेल. कित्येकांनीं, आमच्या नववींतील विद्यार्थ्याप्रमाणें, थर मोजलेच नसतील.

आमच्या विद्यार्थ्यानें मात्र पुढें ते मोजले. शिसपेन्सिलींत १७९५ सालच्या काँते यांच्या युक्तीपासून चिकणमाती मिसळलेली असते, हें कळल्यावर त्यानें पेन्सिल सोडून नैसर्गिक ग्राफाइटचा चकचकीत खडा मिळविला. सोलून कांचेवर घेतलेला कण सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून, खालून प्रकाश सोडून, वरून फोनच्या कॅमेऱ्यानें छायाचित्र काढलें. युक्ति अशी कीं, मोकळ्या कांचेंतून येणारा प्रकाश व पापुद्र्यांतून येणारा प्रकाश एकाच चित्रांत मोजावयाचा. कॅमेऱ्याचा आंकडा म्हणजे थेट प्रकाशाचें माप नव्हे, ही अडचण विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्यानेंच काढली, आणि तोडगाही त्यानेंच सुचविला: स्वच्छ कांचा एकीवर एक ठेवीत जावें, प्रत्येक कांच सुमारें ८ टक्के प्रकाश परतविते, त्यावरून कॅमेऱ्याचे आंकडे ताडून घ्यावे. दोन्ही पक्ष तीन शनिवार त्या कामांत गढले होते. पहिल्या शनिवारीं मोजलेला "सर्वांत पातळ" ठिपका चिकटपट्टीचा गोंद निघाला.

शेवटीं जो खरा पापुद्रा सांपडला तो सुमारें २० टक्के प्रकाश अडवीत होता. एका थरास २.३ टक्के, तेव्हां थर ९ ते १०. मोजणींतील चूक दोन-तीन थरांची धरावी. २०१७ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय परिभाषेप्रमाणें ३ ते १० थरांच्या पापुद्र्यास 'अल्पथर ग्राफीन' म्हणतात, त्यापुढें ग्राफाइट. अर्थात् वाद मिटला नाहीं. एक पक्ष म्हणतो दहाच्या आंत, दुसरा म्हणतो बाहेर. ती कांच प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविली आहे, आणि तिच्यावर त्या विद्यार्थ्यानें आपल्या हातानें चिठ्ठी डकविली आहे: "थर सुमारें १०. पुन्हां मोजणें."